तूप, पाणी आणि लहान आतडे

अकरावीच्या वर्गात पृष्ठताणाचा धडा चालू होता. टेबलावर पाण्याने भरलेले चंचुपात्र होते. त्यात मी चमचाभर गोडेतेल ओतले आणि काचेच्या कांडीने जोराने ढवळले. पाणी क्षणभर गढूळ झाले. पण कांडी बाहेर काढताच तेलाचे थेंब एकमेकांना मिळू लागले आणि थोड्याच वेळात सगळे तेल पुन्हा पाण्यावर येऊन थांबले. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, पोटात तर सगळे पाणीच असते. मग वरणभातावर घेतलेले तूप पोटात असेच तरंगत का राहत नाही?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही, कारण मलाही नीट उत्तर ठाऊक नव्हते. ‘मेदाचे पचन लहान आतड्यात होते’ हे शाळेत पाठ केलेले वाक्य मला आठवले. पण ते काही त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. तास संपल्यावर मी जीवशास्त्राच्या सहकाऱ्यांना गाठले, त्यांच्याकडून पुस्तके आणली आणि वाचू लागलो. तेव्हा ध्यानात आले की, या प्रश्नाचे निम्मे उत्तर जीवशास्त्रात असले तरी उरलेले निम्मे आमच्या पदार्थविज्ञानाच्या त्या धड्यातच होते. त्या विद्यार्थ्याला जे सांगितले, तेच जरा सविस्तर येथे मांडतो.

अडचण नेमकी कोणती?

आपल्या अन्नात पिष्टमय पदार्थ, प्रथिने आणि मेद हे तीन मुख्य घटक असतात. भाकरीतील पिष्टाचे तुकडे होत होत शेवटी ग्लुकोज बनते. डाळीतील प्रथिनांपासून ॲमिनो आम्ले बनतात. ग्लुकोज आणि ॲमिनो आम्ले दोन्ही पाण्यात सहज विरघळतात. रक्त हे मुख्यतः पाणीच असल्यामुळे एकदा आतड्याची भिंत ओलांडली की त्यांचा पुढचा प्रवास सोपा असतो.

मेदाचे तसे नाही. मेदाच्या रेणूत ग्लिसरॉलच्या लहानशा कण्याला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. हा रेणू पाण्यात विरघळत नाही. त्याचे तुकडे करणारे विकर म्हणजे लायपेज. ते स्वादुपिंडाच्या रसातून येते आणि पाण्यात विरघळलेले असते. आता पाहा, कापणारा पाण्यात आणि कापायची वस्तू तेलात! दोघांची गाठ पडायची ती फक्त तेल आणि पाणी एकमेकांना भिडतात त्या सीमेवर. थेंबाच्या पोटातील मेदापर्यंत लायपेज पोहोचूच शकत नाही.

गुळाच्या ढेपेला मुंग्या लागल्या, तर त्या ढेप बाहेरूनच कुरतडतात. मुंग्या कितीही असल्या तरी ढेपेच्या पृष्ठभागावर जेवढ्या मावतील तेवढ्याच एका वेळी काम करणार. पण तीच ढेप फोडून तिचा चुरा केला, तर? गूळ तेवढाच, मुंग्याही त्याच. पण सगळ्यांना जागा मिळते आणि काम पाहता पाहता उरकते. मेदाच्या पचनाचे मर्म या पृष्ठभागात आहे.

थोडे गणित

पृष्ठभाग किती वाढतो, याचा हिशेब करून पाहू. सोयीसाठी थेंबाऐवजी घन घेऊ. १ सेंटिमीटर बाजू असलेल्या तुपाच्या घनाला ६ पृष्ठे असतात. म्हणून त्याचे एकूण पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. या घनाचे १ मिलिमीटर बाजूचे तुकडे केले, तर १,००० घन मिळतील. प्रत्येकाचे पृष्ठफळ ६ चौरस मिलिमीटर; म्हणजे सगळ्यांचे मिळून ६,००० चौरस मिलिमीटर किंवा ६० चौरस सेंटिमीटर. बाजू दहापट लहान झाली आणि पृष्ठफळ दहापट वाढले.

असेच कापत कापत मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत, म्हणजे १ मायक्रोमीटरपर्यंत गेलो, तर तुकड्यांची संख्या होईल एक लाख कोटी आणि त्यांचे एकूण पृष्ठफळ होईल ६०,००० चौरस सेंटिमीटर, म्हणजेच ६ चौरस मीटर. ३ मीटर लांब आणि २ मीटर रुंद खोलीच्या जमिनीएवढा हा पृष्ठभाग झाला! तुपाचे वजन एका कणानेही वाढले नाही. पण लायपेजला काम करण्यासाठी मिळालेली जागा मात्र दहा हजार पट झाली.

मग हे तुकडे करायला फार शक्ती खर्च होत असेल का? पृष्ठताणाच्या धड्यात आपण शिकतो की, नवीन पृष्ठभाग निर्माण करण्यासाठी करावे लागणारे कार्य म्हणजे पृष्ठताण गुणिले वाढलेले पृष्ठफळ. खाद्यतेल आणि पाणी यांच्या सीमेवरील ताण सुमारे ०.०३ न्यूटन प्रति मीटर धरू. त्याला ६ चौरस मीटरने गुणले, तर उत्तर येते ०.१८ ज्यूल. १०० ग्रॅमचे वजन साधारण १८ सेंटिमीटर उचलण्यास एवढेच कार्य करावे लागते. उलट, तेवढ्याच तुपापासून शरीराला मिळणारी ऊर्जा सुमारे ३४,००० ज्यूल असते. जठर आणि आतडे यांच्या घुसळण्यातून ०.१८ ज्यूल सहज मिळू शकतात.

तेव्हा खरी अडचण थेंब फोडण्याची नसून फुटलेले थेंब वेगळे ठेवण्याची आहे. प्रत्येक द्रव आपला पृष्ठभाग शक्य तितका कमी करू पाहतो. म्हणून दोन थेंब भेटले की त्यांचा एक होतो, दोन मोठ्या थेंबांचा आणखी मोठा होतो. माझ्या चंचुपात्रात हेच घडले होते. हे एकत्र येणे थांबविण्यासाठी थेंबांच्या पृष्ठभागावर कोणीतरी पहारेकरी हवा.

दोन तोंडांचे रेणू

तुपाचे हात नुसत्या पाण्याने निघत नाहीत. साबणाने किंवा रिठ्याच्या पाण्याने निघतात. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला आणि दुसरे तेलाला पसंत करते. त्यामुळे तो तेल आणि पाणी यांच्या सीमेवर जाऊन बसतो, तेथील ताण कमी करतो आणि तेलाच्या थेंबाभोवती कवच तयार करतो. कवच असलेले थेंब सहजासहजी एकमेकांत मिसळत नाहीत. एका द्रवाचे बारीक थेंब दुसऱ्या द्रवात अशा प्रकारे पसरून राहिले की त्या मिश्रणाला पायस म्हणतात. आपल्या रोजच्या परिचयाचे पायस म्हणजे दूध. दुधातील स्निग्धांशाचे बारीक थेंब पाण्यात पसरलेले असतात आणि त्यांच्याभोवतीचे पातळ आवरण त्यांना वेगळे ठेवते.

शरीरातील साबणाचे काम पित्तातील पित्तलवणे करतात. येथे एक खुलासा केला पाहिजे. ‘मला पित्त झाले’ असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा जठरातील आम्लाविषयी बोलत असतो. येथे अभिप्रेत असलेले पित्त वेगळे आहे. हा हिरवट पिवळा रस यकृतात तयार होतो, पित्ताशयात साठतो आणि तेथे दाट होतो. पित्तलवणाचा रेणू साबणाच्या रेणूसारखा लांबोळका नसतो. तो चपटा असून त्याची एक बाजू पाण्याला आणि दुसरी बाजू मेदाला जवळ करते. थेंबाच्या पृष्ठभागावर तो जणू पालथा पडून राहतो.

तुपाचा प्रवास

आता तुपाच्या मागोमाग जाऊ. तोंडात त्यावर विशेष काही होत नाही. जठराच्या घुसळण्याने मोठे गोळे फुटतात, शरीराच्या ३७ अंश सेल्सिअस तपमानाला थिजलेले तूपही बहुतांशी वितळते, आणि जठरातील एक विकर थोड्याशा मेदाचे विघटनही सुरू करते. जठराच्या खालच्या टोकाचे झडपवजा द्वार हे मिश्रण थोडे थोडे करून पुढे सोडते. ते लहान आतड्याच्या पहिल्या भागात, म्हणजे आद्यांत्रात, येते.

मेद आल्याची वर्दी आद्यांत्राच्या भिंतीला लगेच मिळते. तेथील पेशींमधून कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडले जाते. शिकागोमधील आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी १९२८ मध्ये ते शोधून काढले. हा रासायनिक निरोप रक्तातून पित्ताशयाकडे पोहोचला की पित्ताशय आकुंचन पावते आणि पित्त आद्यांत्रात उतरते. याच निरोपामुळे स्वादुपिंडातून विकरांनी भरलेला रस येतो. जठरातून आलेले मिश्रण आम्लधर्मी असते आणि आम्लात स्वादुपिंडाचे लायपेज नीट काम करीत नाही. म्हणून स्वादुपिंडाच्या रसात बायकार्बोनेटही असते. ते आम्लाचे उदासिनीकरण करते.

आता पित्तलवणे थेंबांभोवती पहारा देतात, आतड्याच्या हालचालींमुळे थेंब अधिकाधिक बारीक होतात आणि लायपेज त्यांच्या पृष्ठभागावर कामाला लागते. पण येथे एक गंमत आहे. पित्तलवणांनी थेंबाचा सारा पृष्ठभाग व्यापला, तर लायपेजला बसायला जागा कोठली? प्रत्यक्षात पित्तलवणे लायपेजला थेंबावरून ढकलूनच देतात! यावर उपाय म्हणून स्वादुपिंड लायपेजबरोबर त्याचा एक छोटा सोबती पाठविते. त्याचे नाव को-लायपेज. हे लहानसे प्रथिन लायपेजला थेंबाच्या पृष्ठभागाशी धरून ठेवते. मग लायपेज पाण्याच्या साहाय्याने मेदाच्या रेणूच्या दोन बाजूंची मेदाम्ले तोडते. मधले मेदाम्ल कण्याला चिकटून राहते. या उरलेल्या भागाला मोनोग्लिसराइड म्हणतात.

हे कळले कसे?

आतड्याच्या आत, अंधारात चालणारे हे काम माणसाला कसे समजले, याची कथा मोठी उद्बोधक आहे. २३ जुलै १६२२ रोजी इटलीतील शरीरशास्त्रज्ञ गास्पारे अझेल्ली यांनी आपल्या मित्रांना काही दाखविण्यासाठी एका जिवंत कुत्र्याचे पोट उघडले. भूल देण्याची विद्या त्या काळी नव्हती आणि प्राण्यांवरील प्रयोगांना आजच्यासारखी बंधनेही नव्हती. आतड्याला पाठीच्या बाजूशी बांधून ठेवणाऱ्या पातळ पडद्यात त्यांना पांढऱ्या बारीक दोऱ्यांचे जाळे दिसले. आधी त्यांना ते मज्जातंतू वाटले. एक दोरा टोचताच त्यातून दुधासारखा पांढरा द्रव बाहेर आला. दुसऱ्या कुत्र्यात मात्र ते दोरे दिसेनात. तेव्हा त्यांना आठवले की, पहिल्या कुत्र्याने नुकतेच पोटभर खाल्ले होते आणि दुसरा उपाशी होता. मग खाऊ घातलेल्या कुत्र्यात पाहिले, तर पांढरे दोरे पुन्हा हजर! अझेल्ली यांचे यावरचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १६२७ मध्ये प्रसिद्ध झाले.

हे दोरे म्हणजे आतड्यातून निघणाऱ्या लसीकावाहिन्या होत. त्यांत मेद आला की त्या पांढऱ्या दिसतात. पुढे सव्वादोनशे वर्षांनी फ्रान्समधील क्लोद बर्नार यांनी या पांढऱ्या रंगाचा उपयोग एखाद्या दर्शकासारखा केला. सशाच्या शरीराची रचना त्यांच्या कामी आली. माणसात पित्त आणि स्वादुपिंडाचा रस आद्यांत्रात जवळपास एकाच ठिकाणी उतरतात. सशात मात्र पित्तनलिका जठराजवळच उघडते आणि स्वादुपिंडाची नलिका तेथून सुमारे ३० सेंटिमीटर पुढे उघडते. मेद खाल्लेल्या सशात बर्नार यांना दिसले की, पित्त उतरते त्या जागी लसीकावाहिन्या स्वच्छ आहेत. त्या पांढऱ्या होतात स्वादुपिंडाचा रस मिसळल्यानंतर. १८४८ च्या सुमारास त्यांनी हे निष्कर्ष मांडले. तेलात स्वादुपिंडाचा रस मिसळला असता त्याचे पायस बनते आणि मिश्रण आम्लधर्मी होते, हेही त्यांनी दाखविले. आम्लधर्म येतो तो सुट्या झालेल्या मेदाम्लांमुळे.

मग पित्ताचे काहीच काम नाही, असे समजायचे का? बर्नार यांचे शिष्य आल्बेर दास्त्र यांनी उलटी रचना करून पाहिली. त्यांनी शस्त्रक्रियेने कुत्र्याच्या पित्ताची वाट बदलली आणि पित्त आतड्यात बरेच खाली सोडले. स्वादुपिंडाचा रस आता आधी येत होता आणि पित्त मागाहून. १८८७ मध्ये त्यांनी सांगितले की, या कुत्र्यांत लसीकावाहिन्या पांढऱ्या होतात त्या पित्त मिसळल्यानंतरच! दोन्ही प्रयोग एकत्र ठेवले की निष्कर्ष स्पष्ट होतो. एकटे पित्त पुरत नाही आणि एकटा स्वादुपिंडाचा रसही पुरत नाही. पांढरा रंग दिसण्यासाठी दोघे एकत्र यावे लागतात. एका निरीक्षणावरून घाईने निष्कर्ष काढू नये, याचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

शेवटच्या काही केसांएवढे अंतर

मेदाम्ले सुटी झाली म्हणजे काम संपले, असे नाही. लांब साखळीची मेदाम्लेही पाण्यात फारशी विरघळत नाहीत. आणि आतड्याच्या भिंतीला लागून पाण्याचा एक पातळ थर जवळजवळ स्थिर असतो. नदीच्या मधल्या धारेत पाणी जोरात वाहते आणि तळाशी ते संथ असते, तसाच हा प्रकार आहे. या थरातून पुढे जायचे ते रेणूंच्या आपोआप होणाऱ्या हालचालीने, म्हणजेच विसरणाने. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंतर दुप्पट झाले तर वेळ चौपट. पाण्यात न विरघळणाऱ्या रेणूंना हा थर म्हणजे खंदकच वाटावा.

पित्तलवणांचे दुसरे काम येथे सुरू होते. पाण्यात त्यांचे प्रमाण पुरेसे झाले की ती आपोआप एकत्र येऊन अतिसूक्ष्म पुंजके बनवितात. या पुंजक्यांना मिसेल म्हणतात. मिसेलची पाण्याकडची बाजू पाण्याला जवळ करते आणि आतल्या बाजूला मेदाम्ले, मोनोग्लिसराइडे व मेदात विरघळणारी जीवनसत्त्वे सुखाने बसतात. मिसेलचा व्यास जेमतेम काही नॅनोमीटर असतो. १ मायक्रोमीटरच्या थेंबाच्या शंभरावा भागही नाही. खंदक ओलांडणाऱ्या या होड्याच म्हणा ना! त्यांच्यामुळे पाण्यात सामावणाऱ्या मेदाम्लांचे प्रमाण शेकडो पटींनी वाढते. स्वीडनमधील बेंग्ट बोरस्ट्रम आणि त्यांच्याबरोबर काम करणारे ॲलन हॉफमन यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत माणसाच्या आतड्यातील द्रव तपासून ही गोष्ट स्पष्ट केली.

भिंतीपाशी आल्यावर मिसेलमधील माल पेशीत शिरतो. होडी मात्र आत जात नाही. पित्तलवणे आतड्याच्या पोकळीतच राहतात, पुढे लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषली जातात आणि रक्तातून यकृताकडे परत जाऊन पुन्हा पित्तात येतात. शरीरात पित्तलवणांचा साठा अवघा काही ग्रॅमचा असतो. पण तो दिवसातून अनेकदा असा फिरविला जातो. प्रत्येक फेरीत सुमारे ९५ टक्के लवणे परत मिळतात. एवढ्या काटकसरीने चालणारी व्यवस्था आपल्या घरातही क्वचितच आढळेल.

आतड्याची भिंत किती मोठी?

पृष्ठभाग वाढविण्याची युक्ती आतड्याच्या भिंतीनेही वापरली आहे. भिंतीला आतून वळ्या असतात. वळ्यांवर अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे बोटांसारखे उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. मखमलीचे कापड डोळ्यांसमोर आणा. आणि रसांकुरांवरील प्रत्येक पेशीच्या माथ्यावर सुमारे १ मायक्रोमीटर उंचीचे हजारो सूक्ष्म रसांकुर असतात. ते दिसण्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

अनेक पुस्तकांत असे वाचायला मिळते की, लहान आतड्याच्या आतील पृष्ठभाग २०० ते ३०० चौरस मीटर, म्हणजे टेनिसच्या मैदानाएवढा असतो. शिक्षकांनी या आकड्याकडे विशेष लक्ष द्यावे. स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथील हेलँडर आणि फेंड्रिक्स यांनी २०१४ मध्ये नवीन मोजमापे प्रसिद्ध केली. मृत शरीरातील आतडे सैल पडते आणि ताणून मोजले तर ६ मीटर किंवा अधिक भरते. जिवंत माणसात स्नायू आखडलेले असल्याने त्याची लांबी सुमारे ३ मीटर आणि आतील व्यास सुमारे २.५ सेंटिमीटर धरता येतो. अशी गुळगुळीत नळी घेतली, तर तिचे पृष्ठफळ साधारण ०.२४ चौरस मीटर येते. वळ्यांमुळे ते सुमारे १.६ पट होते आणि रसांकुर व सूक्ष्म रसांकुर यांच्यामुळे आणखी ६० ते १२० पट. सगळा हिशेब करून त्यांनी लहान आतड्याचा पृष्ठभाग सुमारे ३० चौरस मीटर असल्याचे सांगितले. म्हणजे टेनिसचे मैदान राहिले बाजूला. बॅडमिंटनचे अर्धे मैदानही पुरे भरत नाही. तरीसुद्धा ०.२४ वरून ३० म्हणजे सव्वाशे पट वाढ झाली, हे विसरू नका. आकडा लहान झाला म्हणून युक्ती लहान ठरत नाही.

पुन्हा जोडणी आणि पांढरा रंग

एवढे कष्ट करून तोडलेला मेद पेशीत शिरल्यावर काय होते? पेशी तो पुन्हा जोडते! मोनोग्लिसराइडला दोन मेदाम्ले जोडून मेदाचा रेणू पुन्हा तयार होतो. असे पुष्कळ रेणू एकत्र करून पेशी त्यांच्याभोवती प्रथिने व इतर पदार्थांचे आवरण चढविते. या बारीक गोळ्यांना कायलोमायक्रॉन म्हणतात. म्हणजे पुन्हा पायसच. पण या वेळी शरीराने स्वतः बांधलेले.

कायलोमायक्रॉन केशवाहिन्यांच्या भिंतीतून आत जाण्याच्या मानाने फार मोठे असतात. म्हणून ग्लुकोज आणि ॲमिनो आम्ले रक्तातून थेट यकृताकडे जातात, तर कायलोमायक्रॉन प्रत्येक रसांकुराच्या मध्यभागी असलेल्या लसीकावाहिनीत शिरतात. अझेल्ली यांनी पाहिलेले दोरे याच वाहिन्यांचे. तेथून छातीतील मोठ्या लसीकावाहिनीतून वर चढून ते मानेच्या डाव्या बाजूला, खांद्याजवळ, रक्तात मिसळतात. हा मार्ग फ्रान्समधील झां पेके यांनी १६५१ मध्ये प्रसिद्ध केला.

आणि पांढरा रंग? वितळलेले तूप पिवळसर पण पारदर्शक असते, पाणीही पारदर्शक असते; मात्र एकाचे बारीक थेंब दुसऱ्यात पसरले की प्रकाश प्रत्येक थेंबाशी दिशा बदलतो आणि सर्व बाजूंना विखुरतो. सगळ्या रंगांचा प्रकाश विखुरला गेल्यामुळे आपल्याला पांढरे दिसते. दूध पांढरे दिसते ते मुख्यतः याच कारणाने आणि जेवलेल्या कुत्र्याच्या पोटातील ते दोरेही याच कारणाने. अझेल्ली यांना जे दिसले, ते प्रकाशाचे विकिरण होते.

वाट अडली तर

हे सारे केवळ परीक्षेपुरते नाही. पित्तनलिकेत खडा अडकला किंवा तिच्यावर गाठीचा दाब पडला, तर पित्त आतड्यात येऊ शकत नाही. अवरोधी कावीळ म्हणतात ती हीच. पित्त नसले तरी बराचसा मेद कसाबसा शोषला जातो. पण ‘अ’, ‘ड’, ‘ई’ आणि ‘के’ ही जीवनसत्त्वे मेदात विरघळतात आणि ती मिसेलच्या होडीवर फार अवलंबून असतात. त्यांतही ‘के’ जीवनसत्त्वाचा शरीरातील साठा फार दिवस पुरत नाही.

या शतकाच्या मागच्या शतकात, १९३० च्या सुमारापर्यंत, अशा काविळीच्या रोग्यावर शस्त्रक्रिया करायला शल्यविशारद धजत नसत. खडा काढणे त्यांना जमत असे. पण नंतर जखमेतून वाहणारे रक्त थांबत नसे आणि रोगी दगावत असे. याचे कारण कोपनहेगनमध्ये कोंबड्यांच्या पिलांवर काम करणाऱ्या हेन्रिक डाम यांच्या संशोधनातून हाती आले. मेद काढून घेतलेले अन्न दिल्यावर पिलांच्या अंगात रक्तस्राव होतो, असे १९२९ मध्ये त्यांनी नोंदविले होते. १९३५ मध्ये त्यांनी या अभावाला कारण असलेल्या जीवनसत्त्वाला, रक्त गोठणे या अर्थाच्या शब्दातील पहिले अक्षर घेऊन, ‘के’ असे नाव दिले. १९३८ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी काविळीच्या रोग्यांना ‘के’ जीवनसत्त्व दिले आणि त्याबरोबर पित्तलवणेही दिली. नुसते जीवनसत्त्व देऊन भागणार नव्हते. त्याला नेणारी होडीही देणे भाग होते. रक्त गोठू लागले आणि शस्त्रक्रिया निर्धोक झाल्या. या जीवनसत्त्वाच्या कामासाठी डाम आणि अमेरिकेतील एडवर्ड डॉइझी यांना १९४३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे हे जीवनसत्त्व इंजेक्शनाने देता येऊ लागले, म्हणजे आतड्याची वाट टाळताच आली.

आपल्या घरातही याचा एक धडा आहे. मेथी, पालक, शेवग्याचा पाला, गाजर यांत कॅरोटीन असते आणि त्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनविते. कॅरोटीनलाही मिसेलमधूनच जावे लागते आणि जेवणात मेद नसेल तर ते फारच थोडे शोषले जाते. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने मुलांची दृष्टी जाते. ते टाळण्यासाठी भारत सरकारने १९७० मध्ये लहान मुलांना हे जीवनसत्त्व पाजण्याची राष्ट्रीय योजना सुरू केली. पालेभाजीला आजी जी चमचाभर तेलाची फोडणी देते, ती नुसत्या चवीची नाही. त्या तेलाशिवाय भाजीतील कॅरोटीन बरेचसे आले तसे निघून जाईल.

तेव्हा मागच्या बाकावरच्या त्या प्रश्नाचे उत्तर असे: तूप पोटात तरंगत राहत नाही, कारण शरीर त्याला एकत्र येऊच देत नाही. आधी थेंब, मग मिसेल, मग कायलोमायक्रॉन अशी तीनदा त्याची बांधणी बदलते आणि प्रत्येक वेळी पाणी व मेद यांच्या सीमेवर दोन तोंडांचा कोणीतरी उभा असतो. त्या दिवशी वर्ग हसला होता. प्रश्न मात्र हसण्यासारखा नव्हता.

करून पाहा

१. दोन लहान बाटल्यांत सारखे पाणी आणि चमचाभर तेल घ्या. एकीत रिठ्याचे पाणी घाला. दोन्ही सारख्याच जोराने हलवून ठेवा आणि तेल वेगळे व्हायला लागणारा वेळ घड्याळाने मोजा.

२. पेलाभर पाण्यात दुधाचे दोन थेंब टाका आणि अंधारात बाजूने विजेरीचा प्रकाश सोडा. प्रकाशाची वाट कशामुळे दिसते, याचा विचार करा.

३. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे ०.१ मिलिमीटर बाजूचे तुकडे केले, तर त्यांची संख्या आणि एकूण पृष्ठफळ किती होईल?

४. लांबी ३ मीटर आणि व्यास २.५ सेंटिमीटर असलेल्या नळीच्या आतील पृष्ठफळ काढा आणि लेखातील आकडा बरोबर आहे का, ते स्वतः पडताळा.